शेवटच्या दहा थापा

५ जानेवारी
नेल्सन गावातल्या घराला कुलूप लावून आले बाई एकदाची. केबिन माझ्या स्वयंपाकघराएवढी, पण चूल झकास पेटते. खालच्या तळावर रेडिओ सांभाळणाऱ्या पॉली चर्नॉफने स्नोमोबाइलवरून आणून सोडलं, बीटच्या सूपची बरणी हातात कोंबली आणि बजावलं, रोज संध्याकाळी रेडिओवर आवाज आला नाही तर वर येऊन कान उपटीन. काम माझ्या ओळखीचं. सकाळी उताराच्या कडेला खड्डा खणायचा, बर्फाचा खांब कापायचा, त्यावर फावडं ठेवून थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला खांब तुटला ते खाली कळवायचं, म्हणजे स्कीवाल्यांना कळतं, उतारावरचा बर्फ धरेल की हिमलोट होऊन सुटेल.

याच उताराखाली माझा नवरा आहे, रसेल. गेल्या मार्चपासून. सापडलाच नाही. म्हणून तर ही नोकरी मागून घेतली.

८ जानेवारी
उणे अठरा. तळाला साखरेसारखा भुगा, त्यावर वाऱ्याने आणून टाकलेला जड थर. चौदाव्या थापेलाच तुटला. पॉली म्हणाली, उतार बंद, आणि तूही कडेलाच राहा, शहाणपणा नको.

माझ्या थापा थांबल्या तशा खालून आल्या. हलक्या, मोजून दहा. बर्फ बसताना आवाज करतो, मला का ठाऊक नाही? हसले स्वतःशीच.

११ जानेवारी
आजही. दहा हलक्या, दहा जरा जोरात. मग बंद. बरोबर वीसला.

लिहूनच टाकते. रसेल गेला त्या दिवशी थापा मी मारल्या होत्या. बोटं बधिर झालेली, पोटात कावळे ओरडत होते. वीसपर्यंत तुटलं नाही, म्हणून शेवटच्या दहा मारल्याच नाहीत. रसेलने विचारलं, "झाल्या तीस?" मी म्हटलं, "झाल्या. जा तू." माझ्या भरवशावर गेला तो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

१३ जानेवारी
पॉलीला सांगितलं. सगळं. ती म्हणाली, "ग्रेटा, तो मेलाय गं. उद्या सकाळी न्यायला येते, सामान बांध."
मेलाय हे मला कळत नाही का? पण त्या घरात परत जाऊन मी—

१४ जानेवारी, सकाळ
कडेवरून ऐकू येईना. उताराच्या मध्यावर आलेय. चाळीस पावलं. वही गुडघ्यावर. बर्फाला तोंड लावून माफी मागितली.

खालून वीस झाल्या. थांबला.

पॉली कडेला पोचलीये. हात हलवतेय, मागे फिर म्हणतेय. फिरता येईल अजून—

एकवीस. खांद्यातून मारतोय.

बावीस. माझ्याखाली काहीतरी खचलं. वरच्या अंगाला बर्फात भेगेची रेघ उमटलीये, लांबच लांब—

तेवीस. मार, रसेल. मी मोजतेय रे. या वेळी एकही सोडणार ना—