तीनपासून सुरू होणारी पट्टी

बाबा,

दारामागची उंचीची पट्टी शून्यापासून सुरू होत नाही, तीनपासून सुरू होते. हे तुम्हाला माहीत आहे, कारण ती तुम्हीच कापलीत. मला परवा कळलं. तेव्हापासून मी घरात वावरते आहे, पण हातातली वस्तू कुठे ठेवली ते लक्षात राहत नाही. आज सकाळी चहाचं भांडं फ्रिजमध्ये ठेवलं. आई म्हणाली, "अगं, वेड लागलं का तुला?" मी म्हटलं, "हो." तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्यावर रागवावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं. ज्याच्यावर रागवायचं त्याने काहीतरी खोटं करायला हवं, आणि तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता.

क्रमाने सांगते, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर राहील. मी अजून बॅले करते. तुम्ही स्कूटरवर पुढे उभं करून ज्या बेसमेंटमधल्या क्लासला मला न्यायचात, तिथे आता संध्याकाळी मीच लहान मुलींना शिकवते, आणि सकाळी मॅडम माझा सराव घेतात. मॅडम तशाच आहेत, फक्त आता खुर्चीत बसून ओरडतात. अठराव्या वर्षी माझी उंची पट्टीवर एकशे पासष्टच्या थोडी वर गेली, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "पैंसठ पार? फिर तो तू बाहर जा सकती है, बेटा. लाइन में इससे छोटी कोई नहीं लेता." लाइन म्हणजे मुख्य नर्तकीच्या मागे नाचणारी मुलींची रांग. त्या सगळ्या एका उंचीच्या लागतात, हात उचलला तर एकच हात उचलल्यासारखा दिसावा म्हणून. त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं उभी केली. कॉलेज सकाळचं घेतलं नाही, बंगळुरूची नोकरी घेतली नाही, आईला सांगितलं की स्थळं आत्ता नकोत. आई म्हणाली, "बरं. पण पाय मोडलास तर मला सांगू नकोस."

या थंडीत युरोपातल्या एका कंपनीने रांगेसाठी मुली निवडायला दिल्लीत ऑडिशन ठेवली. वर्षभराचं काम, राहणं-जेवण त्यांचं. उंची किमान एकशे पासष्ट. मी फॉर्मवर लिहिलं, एकशे पासष्ट पूर्णांक चार. आदल्या दिवशी पट्टीला टेकून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून, आईकडून दोनदा बघून घेतलं होतं. मला माहीत आहे, दशांश कोणी लिहीत नाही. पण चार मिलिमीटर होते, तर ते का सोडायचे?

दिल्लीच्या त्या हॉलबाहेर सगळ्या मुलींना अनवाणी करून भिंतीजवळ उभं करत होते. मापं घेणारी मुलगी माझ्याच वयाची, तोंडात च्युइंगम, अगदी प्रेमळ. तिने लाकडी दांडी माझ्या डोक्यावर टेकवली आणि म्हणाली, "एक सौ बासठ पॉइंट चार." मी म्हटलं, "दोबारा लीजिए." तिने पुन्हा घेतलं. तेच. मी म्हटलं, "आपकी मशीन में गलती है." बाबा, मी हे इतक्या खात्रीने म्हटलं की तिने खरंच वाकून खाली पाहिलं. मग हसली. "अरे यार, टेन्शन मत ले, सब बढ़ाके लिखते हैं. लड़के तो पाँच-पाँच बढ़ाते हैं. पर पॉइंट चार! ये मैंने पहली बार देखा." रांगेतल्या मुली हसल्या. मी म्हटलं, मी वाढवून लिहिलेलं नाही, आमच्या घरात बरोबर मोजतात, माझे वडील तीस सेक्टरच्या लॅबमध्ये मोजमापाची यंत्रं तपासायचे. सगळं हिंदीत, एका दमात, ऐकणाऱ्याला काडीचा उपयोग नसलेलं. ती म्हणाली, "अच्छा जी, पापा ने नापा था?" आणि माझ्या नावापुढे आकडा बदलला. दांडगाईने कोणी गालात मारली असती तर मी रडले असते. हे इतक्या हसतमुखाने झालं की मला रडताही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला खोटारडी समजलं होतं, आणि त्यात त्याला काही विशेष वाटलं नव्हतं.

एवढ्या लांबून आली आहे म्हणून निवड करणाऱ्या परदेशी बाईंनी मला ऑडिशनच्या क्लासला उभं राहू दिलं. मी नाचले. कसं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की आरशात मी स्वतःला इतर मुलींशी मोजत होते. प्रत्येक वेळी मी लहान दिसत होते, आणि हे मला आधी कधीच दिसलं कसं नाही, ते कळत नव्हतं.

परत येताना बसमध्ये मी त्या यंत्राच्या चुकीचा हिशेब मांडत होते. पायाखालची फळी दबत असेल, दांडी सैल असेल. अंबाला येईपर्यंत मी त्या कंपनीला पाठवायचा मेल मनात पूर्ण लिहिला होता. अत्यंत सभ्य मेल. घरी पोचले, आईने दार उघडलं, आणि मी बूटसुद्धा न काढता आत जाऊन तुमच्या खोक्यातला स्टीलचा टेप काढला. पुरावा हवा होता. टेप जमिनीला टेकवला आणि पट्टीला लावून वर नेला. टेपवर शंभर होतं तिथे पट्टीवर एकशे तीन. एकशे पन्नासला एकशे त्रेपन्न. मी आधी टेप पुसला. मग फोनचा दिवा लावून जमिनीवर आडवी झाले. तुम्ही पट्टीवर आकडे दहादहाला कोरले आहेत, मध्ये नुसत्या रेघा. पहिल्या दहाच्या खाली मी रेघांमधली घरं मोजली. दहा हवी होती, सातच होती.

तुम्ही मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे शून्य बघणं. शाळेत मी वर्षभर तोंड उघडलं नाही म्हणून त्यांनी मला घरी पाठवून दिलं होतं. तेव्हाची ती दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही माझी शाळा घेतलीत, लॅबला जाण्याआधी, अंगात स्वेटर आणि डोक्यावर माकडटोपी. अक्षरांच्याही आधी वजनकाटा. काही ठेवण्यापूर्वी रिकामा काटा कुठे उभा आहे ते पाहायचं. एका दिवाळीत मी आईला चकलीचं पीठ मोजून दिलं आणि काटा आधी पाहिला नाही. तो रिकामाच पन्नास ग्रॅमवर उभा होता. चकल्या तेलात विरघळल्या. तुमचे दोन मित्र फराळाला आले होते, त्यांच्यासमोर तुम्ही मला म्हणालात, "जो रिकामा काटा बघत नाही, त्याने मोजू नये. अंदाजाने जेवावं." मित्र म्हणाले, जाऊ द्या हो, पोर आहे. तुम्ही जाऊ दिलं नाहीत. त्यानंतर मी जगातल्या प्रत्येक वस्तूचं शून्य पाहत आले, थर्मामीटरचं, पेट्रोलपंपाचं, भाजीवाल्याच्या काट्याचं. तुमच्या पट्टीचं पाहिलं नाही. तसं मनातही आलं नाही.

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आई मटार सोलत बसली होती. मी म्हटलं, "आई, पट्टी खालून तीन सेंटीमीटर कमी आहे."

"हो, कापली होती ना त्यांनी," आई म्हणाली. शेंग फोडली, दाणे ताटलीत पडले. मग वर पाहिलं. "तुला सांगितलं नव्हतं?"

बाबा, ती इतक्या सहज म्हणाली! मी तिच्यासमोर बसले. मग तिने सांगितलं, मधेमधे मटार खात. मी दहा वर्षांची होते. मॅडमनी वार्षिक कार्यक्रमासाठी मुलींना उंचीने उभं केलं आणि मला बाजूला काढून म्हणाल्या, "अगले साल, बेटा." क्लासमधल्या बाकीच्या मुली मला छोटू म्हणायच्या. मी घरी येऊन रडले नाही, पण सकाळ-संध्याकाळ पट्टीला टेकून उभी राहायला लागले, जेवण सोडलं, आणि पुन्हा बोलणं कमी केलं. आई म्हणाली, "बोलणं बंद झालं तेव्हा ते घाबरले. पहिल्या वेळेसारखं होतंय की काय म्हणून. एका रविवारी तू क्लासला गेलीस, तेव्हा पट्टी उतरवली आणि बाल्कनीत बसून करवतीने कापली. कडेला कानस मारत बसले तासभर. मी म्हटलं, अहो, तुम्ही? तुम्ही असलं करताय? तर म्हणाले, वाढेल गं ती. वाढली की मीच सांगेन."

मग मला तो रविवार आठवला, किंवा मी तो पुन्हा पाहिला. मी क्लासहून येते आहे. तुम्ही दारातच मला थांबवता, "चल, आज मोजू." डोक्यावर तुमच्या लॅबचं जाड पुस्तक. तुम्ही आकडा वाचता. मी मागे वळून बघते, आणि आकडा खरंच वर गेलेला आहे. मी उड्या मारते. आई ओट्याशी पाठमोरी उभी आहे, वळत नाही. तुम्ही म्हणता, "चला, बावीस सेक्टरला कुल्फी." थंडीत कुल्फी! तुम्ही! माझ्या लहानपणातला तो सगळ्यात चांगला दिवस होता. कोणी विचारलं असतं तर मी तोच सांगितला असता. आता त्या दिवसातल्या प्रत्येक गोष्टीत मला कानशीचा भुगा दिसतो.

आणि आणखी एक आठवलं. त्याच वर्षी शाळेत तपासणी झाली. तोवर मी पुन्हा शाळेत जायला लागले होते. तिथे माझी उंची तीनने कमी भरली. मी पीटीच्या सरांना सांगितलं, सर, तुमचा तक्ता चुकीचा लावलाय, भिंतीवरून उतरवून पुन्हा लावा. आख्ख्या वर्गासमोर. सर म्हणाले, "हाँ जी, इंजीनियर साहब, और कुछ?" संध्याकाळी मी तुम्हाला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. वाटलं, तुम्ही शाबास म्हणाल. तुम्ही बराच वेळ वरणात भात कालवत राहिलात आणि मग म्हणालात, "जेव." एवढंच. तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही सांगणारही होतात, असं आई म्हणते. पण पुढच्या जानेवारीत लॅबमधून फोन आला आणि आईने मला शेजारच्या आंटींकडे बसवलं.

मी आईवर ओरडले. मी म्हटलं, "मग तू का नाही सांगितलंस? एवढी वर्षं? खरी उंची माहीत असती तर मी या रांगेच्या मागे लागले नसते." आई शांतपणे म्हणाली, "मला काय माहीत, तुझी ती नाचाची माणसं इंचाइंचाने मोजतात? मला वाटलं, नाच बघतात." मग थोड्या वेळाने, "ते गेल्यावर त्यांनी केलेलं मी काढून टाकायचं, असं माझ्याने झालं नाही. रंगारी आला तेव्हा त्यालाही म्हटलं, पट्टीला हात लावू नकोस, भाऊ." मी म्हटलं, "म्हणजे मी खोट्यावर उभी राहिले." आई म्हणाली, "काहीतरीच. माणूस पायांवर उभा राहतो." आणि सालं गोळा करून उठली.

मला अजून कळत नाही की तुम्ही माझ्यासाठी हे केलंत की माझं न बोलणं तुम्हाला सहन होत नव्हतं म्हणून केलंत. चकलीच्या पन्नास ग्रॅमला ज्याने पाहुण्यांसमोर माफी दिली नाही, त्याला करवत हातात घेताना काय वाटलं असेल? कड मात्र एवढी सरळ कापली आहे की मी बोट फिरवून पाहिलं तरी कळलं नाही. त्याचाच मला सगळ्यात जास्त धक्का बसला आहे. खोटं केलंत, तेही किती नीट केलंत!

काल कंपनीचा मेल आला. रांगेत नाही घेतलं. पण त्यांचा एक दुसरा, लहान गट मुलांसाठी गावोगावी कार्यक्रम करतो. तिथे उंचीची अट नाही, आणि तिथे मला घेतलं आहे. मार्चमध्ये निघायचं. मॅडम फोनवर रडल्या आणि मग म्हणाल्या, "नाटक बंद कर, कल छह बजे क्लास." आईने पेढे आणले, इथले, खूप गोड. मला आनंद झाला आहे, पण तो अजून माझ्यापर्यंत नीट पोचलेला नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. एक सांगायचं राहिलं. मेलसोबत कपडे शिवणाऱ्या बाईंसाठी मापं मागितली होती. आज दुपारी आईने स्टीलचा टेप धरला, मी आधी टोक पाहिलं, मग उभी राहिले. एकशे बासष्ट पूर्णांक चार. दोन्ही वेळा. मी खुर्चीत बसले, छाती, कंबर, पाय, सगळं जसंच्या तसं भरलं. उंचीशी आले आणि थांबले. तिथे कमी लिहून माझं काही जाणार नव्हतं, जास्त लिहून काही मिळणार नव्हतं. एकशे त्रेसष्ट लिहिलं आणि पाठवून दिलं. आईला सांगितलेलं नाही.