अर्ज कुणाचा होता

सर, तुम्ही रोह्याहून गाडीनं पेणला यायचात, आणि गाडी चुकली की आमचा नागरिकशास्त्राचा तास बुडायचा. आम्हाला केवढा आनंद व्हायचा, हे आता सांगायला हरकत नाही. एकदा तुम्ही विचारलंत, सर्वोच्च न्यायालय कुणाचं? मी उठून ठणकावून म्हटलं, "सरकारचं." तुम्ही खडू खाली ठेवलात. "कुठल्या सरकारचं गो बाय? दिल्लीच्या की मुंबईच्या? दोघं भांडली तर त्यातल्याच एकाच्या दारात जायचं का न्याय मागायला?" अख्खा तास उभं ठेवलंत मला. खूप राग आला होता. पण केंद्राची हद्द कुठवर आणि राज्याची कुठवर, हे बघायला तिसरं कुणीतरी लागतं, ते कुणाच्याच घरचं असून चालत नाही, हे डोक्यात पक्कं बसलं.

हे शहाणपण मी पेणजवळच्या जोहे गावात बरीच वर्षं मिरवलं. लग्न होऊन तिथल्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात आले, आणि इंग्रजी वाचते म्हणून गावाचे कागद माझ्याकडे येऊ लागले. मग प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी आली. नियम केंद्राचा, राबवायचा राज्यानं, आणि मधे आम्ही. आमच्यातल्या काही कारखानदारांनी बंदीविरुद्ध थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. बंदी टिकवा म्हणणाऱ्यांचाही एक अर्ज तिथं होता. शेजारची काकू, नवऱ्यामागे एकटीनं शेड चालवणारी, रोज विचारते, "वरच्या कोर्टाचं काय झालं गो?" एका सकाळी फोनवर आदेश येतो. माझे हात शाडूनं माखलेले. मी लांबूनच एक ओळ वाचते, अर्ज डिसमिस, आणि तिथूनच ओरडते, "काकू, बंदीवाल्यांचा अर्ज उडाला!" काकू म्हणते, "व्हय? पावला गो बाप्पा." दुपारी तिच्या शेडात प्लास्टरची पोती उतरतात.

उडालेला अर्ज आमचाच होता, सर. खाली स्वच्छ लिहिलं होतं की आधी उच्च न्यायालयात जा. म्हणजे बंदी होती तशीच होती. मी ते वाचलं आठवड्यानं, तोवर काकूची शेड मूर्तींनी भरली होती. सांगायला गेले. ती मूर्तीचे डोळे आखत होती. मान वर न करता म्हणाली, "बस, चाय घे." मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि परत आले.

त्या मूर्ती व्यापाऱ्यांनी उचलल्या नाहीत. काकूची शेड बंद झाली, सून आता रोह्याला कंपनीत शिफ्टला जाते. न्यायालयाचं चुकलं असं मला वाटत नाही. प्रत्येक भांडण दिल्लीनंच आधी ऐकायचं तर राज्यातली कोर्टं कशाला, हे तुम्हीच शिकवलं होतंत. चुकले मी, आणि ते तुम्हाला लिहितेय कारण हा कागद कुठल्याच टपालात पडणार नाही.

कोर्टाचा विषय निघाला की काकू अजून म्हणते, "त्यांचा काय भरवसा नाय गो. आधी एक बोलले, मग फिरले." बायका माझ्याकडे बघतात, मी शिकलेली ना. आणि मी मान डोलावते.