पाणी घालवायला शिकताना

३ फेब्रुवारी, मंगळवार. भंडारदरा
आज पहिल्यांदा लेवलची नळी, पाणी भरून जमिनीचा चढउतार मापायची, हातात आली. दीड महिना नुसते लॉनचे तुकडे अंथरले, सांधे तोडून, विटा रचतात तसे. गुडघ्यांची वाट लागली. मुकादम विठ्ठलमामा म्हणाले, "नळीत बुडबुडा ऱ्हायला की लेवल खोटं बोलती. आधी बुडबुडं काढा सुमनबाई, मग डोकं लावा." दोनदा भरली, दोनदा राहिला. तिसऱ्यांदा निघाला.
पुढचं काम संगमनेरला, कॉलेजची बाग. तिथं नळी कोण धरणार ते मामा ह्या रिसॉर्टच्या लॉनवरून ठरवणार. आजवर बायांनी धरलेली नाही. मला धरायचीय. कोणाला बोलले नाही. इथं लिहिलं, बास.

६ फेब्रु., शुक्र.
लॉनखालचा चर झाला. तळाला खडी, त्यावर भोकांचा पाइप, वरून परत खडी. गेल्या पावसाळ्यात इथलं अख्खं लॉन पाण्यात कुजलं, म्हणून हा खटाटोप. ओढ्याकडचा ढाळ, पाणी वाहायचा उतार, मी काढला. एकटीने!
पाथर्डीहून ह्यांचा फोन. "पानी भाईर काढायला शिकतीस व्हय? हितं टँकरची वाट बघून डोळं गेलं आमचं." हसले. पण आतून कसंतरीच झालं. जन्मभर वाफ्यात पाणी अडवलं, आणि आता...

९ फेब्रु., सोम.
लॉन पूर्ण बसलं. रोलर फिरवला. मामा अकोल्याला लग्नाला. जाताना सांगून गेले, पाणी सोडून बघा. सोडलं. खाली पाइपच्या तोंडातून धो धो पडलं. बरं वाटलं. कंबर मात्र गेली.

१० फेब्रु., मंगळ.
सकाळी बघते तर लॉनचा खालचा कोपरा नुसता चिखल. पाय ठेवला की गादीसारखा दबतोय. मामा आले, टाचेनं दाबून पाहिलं. मग, "ढाळ चुकला. उकरावं लागंल समदं."
तोंड एवढंसं झालं माझं. गेलं संगमनेर.
फावडं घेऊन खाली पाइपच्या तोंडाशी गेले. तोंडात मातीचं ढेकूळ, वर गोणपाट. मीच लावलेलं, काल. वाफा भरला की त्याचं तोंड बुजवतो तसं. पाणी फुकट चाललेलं बघवलं नसणार. हात आपोआप गेला, डोक्याला पत्ताच नाही.
कोणी बघत नव्हतं. गपचूप काढता आलं असतं. क्षणभर आलंच मनात, खोटं कशाला लिहू. पण हाक मारली, मामा, इकडं या.
मामांनी कपाळाला हात लावला. "आवं, ह्ये काय कांद्याचं वाफं हायेत व्हय!" बाया पदर तोंडात धरून हसल्या. ढेकूळ उपसलं तर पाणी असं सुटलं, साडी गुडघ्यापर्यंत भिजली. मामांनी कोपऱ्याकडं बघितलं, मग पाइपाकडं. "म्हंजी ढाळ बरुबर हुता," एवढंच.
लाजेनं मेले. पण ढाळ बरोबर होता!!

१३ फेब्रु., शुक्र.
कोपरा उचलला, माती वाळवली, परत बसवला. मामांना म्हटलं, ओढ्यात कशाला, खालच्या नव्या आंब्यांकडं वळवू की पाणी. "पावसात आंब्याला? मुळं कुजत्याल." खरंच की. आपला उतावळेपणा.
जेवताना परत डोक्यात किडा. त्याच्याही खाली भाताचं खाचर आहे. भाताला तर उभं पाणी लागतं ना? मामांनी भाकरी संपवली. मग उठून खाचरवाल्याला विचारायला गेले. "उघडीप पडली तर लई कामाला यील," म्हणाला तो.

१७ फेब्रु., मंगळ.
पाइपचं तोंड खाचराकडं वळवून परत चाचणी. मी हात मागे बांधून उभी राहिले, खरंच. पाणी सरळ खाचरात. कोपरा अजून थोडा मऊ लागतो. जुलैत टिकला तर खरं.
निघताना मामांनी नळीचं वेटोळं माझ्या पिशवीवर ठेवलं. "सोमवारी संगमनेर. इसरू नका."
"मामा, मी नुसती आणायची का धरायची?"
"बुडबुडा निघतुय का बघा आधी." मामा टेम्पोत चढले, गेले.
संध्याकाळी खोलीच्या पायरीवर बसून नळी भरली. एक राहिलाच, मधोमध. परत भरते.