पाळण्याच्या साखळ्या आणि माझी जीपगाडी

मुक्काम : (शेवटी सांगतो)
रविवार, ८ मे १९६०

तीर्थरूप अप्पांच्या पायांवर जावई जगदीशचं डोकं. (डोक्याला टेंगूळ आहे, म्हणून जरा हलकेच ठेवलंय. कारण पुढे येईल.)

आईंचा गुडघा आता कसा आहे? तांबूला पाडा झाला की पाडी? आंबे उतरवून झाले का? आणि बैल कसे आहेत? दोघेही धडधाकट ना? चढ चढतात ना? (बैलांचं आपलं सहज विचारलं.) मी खुशाल आहे. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख सोडलं तर सगळे अवयव जागेवर आहेत.

आता नीट बसून घ्या. अप्पा, जीप सुरू झाली! नुसती घुरघुरून गप्प बसली नाही हो, चालली, स्वतःच्या चार चाकांवर, चौदा माणसांसकट, लालबागच्या नाक्यापासून परळच्या नाक्यापर्यंत! मिलमध्ये बारा वर्षं फिटरकी करतोय, हजार यंत्रं चालू केली असतील, पण असा आनंद आयुष्यात झाला नव्हता.

तुमच्या कानावर जे आलंय ते आमच्या शेजारच्या सुंदराबाईंनी बकुळाला कळवलेलं आणि बकुळाने आईंना सांगितलेलं, म्हणजे दोन हातांचं तिखटमीठ लागलेलं. म्हणून पहिल्यापासून सांगतो. दोन वर्षांपूर्वी शिवडीला एका गोदामामागे लष्कराच्या लिलावातल्या लढाईच्या वेळच्या गाड्या पडल्या होत्या. त्यातली ही अमेरिकन जीप. बोनेटमधून एरंडाचं झाड वर आलेलं, चाकं चिखलात, सीटच्या जागी एक कुत्री आणि तिची पाच पिल्लं. माझ्या खात्यातला बुधाजी बरोबर होता. बुधाजी सोन्यासारखा माणूस, पण कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नाही. मी म्हटलं, हिच्यात जीव आहे. तो म्हणाला, आहे. झालं! दहा जणांनी ओढत ती चाळीमागच्या पत्र्याखाली आणली. एरंड आम्ही काढला, कुत्री आपली आपण गेली.

बकुळा ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. गॅलरीतून तिने गाडीकडे पाहिलं, मग आमच्या दहा बाय बाराच्या खोलीकडे पाहिलं, आणि खडूने दारामागे कायदा लिहिला : एका वेळी एकच अवयव वर येईल. तो साफ होऊन, रंगून खाली गेला की मगच दुसरा. अप्पा, तुमच्या मुलीला मिलमध्ये मॅनेजर करायला हवं होतं. गणपतीपर्यंत चाकं, दिवाळीपर्यंत ब्रेक, शिमग्याला गिअरबॉक्स, अशी एकेक पायरी. पोळ्या लाटून झाल्या की पदर खोचून ती घासलेटात काथ्या बुडवून माझ्यापेक्षा चांगलं घासायची. नटबोल्ट लोणच्याच्या बरण्यांत आणि प्रत्येक बरणीला वेगळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली : हिरवी म्हणजे चाकं, जांभळी म्हणजे स्टिअरिंग. (एकदा जेवताना चुकीची बरणी उघडली. जिवावरचं दातावर निभावलं.) गेल्या भाद्रपदात तुम्ही तिला बाळंतपणाला न्यायला आलात तेव्हा उरलं होतं फक्त इंजिन.

आणि तेव्हाच माझी जीभ घसरली. आठवतं ना? सगळ्या चाळीसमोर छाती काढून म्हणालो, बाळ-बाळंतिणीला न्यायला येईन तो माझ्या गाडीतून, नाहीतर तोंड दाखवणार नाही. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. तुमच्या त्या "बरं"मध्ये काय काय भरलं होतं ते मला आत्ता कळतंय.

बकुळा गेली आणि कायदा गुंडाळला गेला. इंजिन वर आलं (बांबूला बांधून, आठ जण, जिन्याच्या दोन पायऱ्या कामी आल्या), मागोमाग रेडिएटर आला, सीटा आल्या, मीच काय तो उंबऱ्यावर झोपायला लागलो. आता इंजिन पोटाकडून उघडावं लागतं आणि जमिनीवर ठेवलं की पोट झाकतं. म्हणजे टांगायला हवं. कशाला टांगू, कशाने टांगू, या विचारात असतानाच तुमचा पाळणा एसटीने येऊन दाखल झाला. तुम्ही तो एवढ्यासाठी पुढे पाठवलात की बकुळा यायच्या आधी तुळईला कडी बसवून ठेवावी. बुधाजीने कडी बसवली, तांदळाची तीन पोती टांगून तिची परीक्षाही घेतली. अप्पा, वर कडी होती, हातात साखळ्या होत्या, खाली इंजिन होतं. तुम्ही फिटर असतात तर तुम्हीसुद्धा हेच केलं असतंत!

लाकडी पाळण्याला मी बोट लावलं नाही, देवाशप्पथ. चादरीत गुंडाळून तो पोटमाळ्यावर ठेवला. वापरल्या फक्त साखळ्या. तुमच्या आजोबांनी तांबटासमोर बसून घडवून घेतलेल्या, पितळी पोपटांच्या, ज्यांवर तुम्ही झुललात, बकुळा झुलली, त्या साखळ्यांना मी अमेरिकन इंजिन टांगलं आणि पोपटांच्या चोचीतून ऑइल गळायला लागलं.

सकाळी नळाचं पाणी भरता भरता सुंदराबाईंनी आत डोकावलं आणि अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरचा माणूस धोतर सावरत वर आला. मुलाआधी पाळण्याच्या साखळीला लोखंड! सगळ्या बायका जमल्या. शेवटी सुंदराबाईंनीच तोडगा काढला, की टांगलंय ना, मग त्याचं रीतसर बारसं करून टाका, म्हणजे दोष जाईल. इंजिनाला हळदकुंकू लागलं, घुगऱ्या शिजल्या, मी दारोदार वाटल्या, नाव तेवढं ठेवायचं राहिलं. अप्पा, तो कुठला रविवार होता ठाऊक आहे? त्याच रविवारी तुमच्याकडे माझ्या मुलीचं बारसं चाललं होतं. गाडीशिवाय तोंड दाखवणार नाही असं बोलून बसलो होतो आणि पुढच्या रविवारी गाडी होईलच असं दर रविवारी वाटत होतं. तिचं नाव चंपा ठेवलं हे मला तुमच्या कार्डावरून कळलं.

सुंदराबाईंनी हे सगळं बकुळाला कळवलंच. तिचं एकच कार्ड आलं, दोन ओळींचं : पाळण्यातलं खाली उतरेल तेव्हा मी येईन. त्याचं नाव काय ठेवलंत?

त्यानंतर चार महिने ना तिचं अक्षर, ना माझं. कार्ड खिशात घेऊन फिरतोय, शाई पुसत आली. पोर पाच महिन्यांची झाली आणि ती गोरी की सावळी हेसुद्धा तिच्या बापाला ठाऊक नाही. मला माझी पोर बघायची आहे हो, अप्पा. लाज वाटते म्हणून आजवर लिहिलं नव्हतं.

एप्रिलात आपलं राज्य होणार हे नक्की झालं आणि चाळीत चैतन्य पसरलं. बुधाजी समितीच्या प्रत्येक मोर्चात होता, दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. त्याने जिन्यावर खडूने लिहून टाकलं : इंजिनासह संयुक्त जीप झालीच पाहिजे! गाडीचं धड खाली आणि काळीज वर, असा अन्याय या चाळीत यापुढे चालणार नाही, असं त्याने नळावर भाषणही केलं. मग काय विचारता! ज्यांनी वर्षभर नाकं मुरडली तेच बाह्या सरसावून आले. इंजिन खाली उतरलं (जिन्याची आणखी एक पायरी), बरण्या उघडल्या, आणि बकुळाच्या चिंध्यांबरहुकूम एकेक नट जागच्या जागी बसला. एकही उरला नाही! एक तारखेला ढकलून सुरू केली. हॉर्न नव्हता म्हणून सुंदराबाई पुढे बसून पितळी ताट बडवत होत्या, मागे बुधाजी झेंडा घेऊन, वरून गुलाल, लेझीम, लोक रडत होते, हसत होते. मीही रडलो. स्टिअरिंग धरल्यावर काचेवरचा गुलाल पुसायला तेवढाच एक हात मोकळा होता, त्याने डोळे पुसले. गुलाल इंजिनात कुठे कुठे शिरला ते अजून सापडतंय.

तर अप्पा, खोली रिकामी आहे, सारवल्यासारखी स्वच्छ. साखळ्या चिंचेने घासल्या, पोपट लखलखताहेत. (एकाची चोच वाकली होती, ती सरळ केली.) पाळणाही गाडीत मागे ठेवलाय, चंपाला त्यातच निजवून न्यायचं म्हणून. आईंना नमस्कार. बकुळाला हे पत्र वाचून दाखवा, फक्त जिन्याच्या पायऱ्या वगळा.

तुमचा जावई,
जगदीश

ता. क. १ : मुक्काम राहिलाच. कशेडी घाट उतरून खाली आलं की एक मोठा वड लागतो, तुमच्या घरापासून अडीच कोसांवर. त्या वडाखाली. लालबागेपासून इथवर गाडीने तीन दिवसांत उत्तम काम दिलं, आज सकाळी मात्र गप्प झाली. बघायला वाकलो तर बोनेट डोक्यावर पडलं. पत्र घेऊन आलेल्या रामजी धनगराला ताक द्या. बुधाजी आहे, सुंदराबाईही आहेत. बकुळाची समजूत मीच घालणार म्हणून हट्टाने बसून आल्या.

ता. क. २ : तेव्हा बैल पाठवावेत. दोर आणू नका, ओढायला साखळ्या आहेत माझ्याकडे. शेवटचं एकदा.

ता. क. ३ : दोर आणाच. सुंदराबाईंनी वरचं वाचून घेतलं आणि साखळ्या काढून घेतल्या. वडाच्या फांदीला त्यांनी आणि बुधाजीने पाळणा टांगलाय, आत त्यांचं मऊ लुगडं अंथरलंय. पैज मी हरलो, अप्पा. न्यायला मी तुमच्या दारापर्यंत गाडीने येऊ शकलो नाही. बकुळाला म्हणावं, पाळण्यातलं खाली उतरलंय, आणि नाव मी अजून कशालाच ठेवलेलं नाही. बैल जीप मागाहून ओढतील, आधी त्यांना छकड्याला जुंपून तिला आणि चंपाला पाठवा. इथे वारा फार आहे. रिकामा पाळणा हलू देऊ नये म्हणतात, म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून उभा आहे आणि हे शेवटचं बुधाजी लिहून घेतोय.