कोटासाठी डबा नव्हता

प्रिय यागोदा,

बाबा दवाखान्यातून घरी आले, एवढंच तुला फोनवर बोलले. बाकीचं बोलता येईना, कारण ते पलीकडच्याच खोलीत होते आणि त्यांच्या कानांना काही झालेलं नाही. म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला माहीत आहे, लागेल तसं वाच.

ते नीशला दवाखान्यात होते तेव्हा मी त्यांची खोली उपसली. दह्याचे रिकामे डबे, मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या, तारांची भेंडोळी, आपण शाळेत होतो तेव्हाची वर्तमानपत्रं. आता इमारतीपुढे नगरपालिकेचे नवे डबे आलेत, निळा कागदाला, पिवळा प्लॅस्टिकला, हिरवा काचेला. एक पोरगी दारोदार समजावत फिरत होती. मी तिला म्हटलं, बाई, मला कचरा शिकवू नकोस. पण केलं सगळं ती म्हणाली तसंच. बरण्यासुद्धा धुऊन टाकल्या. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! शेवटी उरला बाबांचा रेल्वेतला कोट आणि बूट. कोटासाठी कुठला डबाच नव्हता. मग आपण सगळे करतो तेच केलं. जुन्या लोखंडी डब्याच्या आकड्याला, जिथे उरलेल्या पावाच्या पिशव्या लटकवतो ना, ज्याला लागेल त्यानं न्याव्यात म्हणून, तिथे कोट झटकून लावला. खाली बूट ठेवले, जोडीनं.

ग्राझला जाऊन तुला कितीही वर्षं झाली तरी हे तू विसरली नसशील. आई गेली तेव्हा तिचे कपडे आपण तिथेच ठेवले होते, धुऊन, घडी घालून. मग म्हातारा दवाखान्यात आणि त्याचा कोट आकड्याला, हे बघून गल्लीनं काय समजायचं?

बाबा घरी येऊन दोन दिवस झाले होते. मी मिरच्या भाजत होते, घंटी वाजली, दार त्यांनीच उघडलं. बाहेर तिसऱ्या मजल्यावरची पेरुनिका काकू, डोक्याला काळा रुमाल, हातात कॉफीचा पुडा आणि साखर. अशी किंचाळली की साखर जिनाभर सांडली. "रादिसाव, अरे तू मेलास ना!" बाबा म्हणाले, "मला कुणी कळवलं नाही बुवा. ये आत. कॉफी आणलीच आहेस तर माझ्या दुखवट्याची मीच पितो." आम्ही तिघं हसलो, यागोदा. मी तर डोळे पुसत हसले. मग काकू म्हणाली, "मी तरी काय करू? तुझा कोट बाहेर होता. बूटही होते. सगळ्या गल्लीनं पाहिले." बाबांनी कप खाली ठेवला आणि दारामागच्या रिकाम्या खुंटीकडे बघत बसले.

मी तशीच चपलेवर धावले. पुठ्ठे आणि भंगार गोळा करणारा यशार माहीत आहे ना, तीनचाकी गाडीवाला? कोट त्याच्या अंगात. मी मागितला तर म्हणतो, "ताई, मेलेल्याचं परत मागतेस? उठला की काय म्हातारा?" म्हटलं, उठला. त्यानं भर थंडीत तिथेच कोट उतरवला, खिसे रिकामे केले. "मग पळ लवकर, त्याला गार लागत असेल."

कोट खुंटीवर आला, बूट कुणी नेले ते कळलं नाही. बाबा त्याला हात लावत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" आणि सगळ्या जगाला तोंडावर बोलणारी मी, माझ्या तोंडून निघालं, "यागोदा म्हणाली फोनवर, आता कशाला ठेवायचा तो." तू त्यांची लाडकी, लांब राहतेस, तुला सगळं माफ असतं, म्हणून. त्यांनी आरडाओरडा केला नाही. "यागोदा म्हणाली? मग तसंच असेल," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

तेव्हापासून दोन चमचे सूप घेतात. गोळ्या उशीखाली सापडतात. मी काल कबूल करायला गेले, म्हटलं, बाबा, ते माझंच काम. तर म्हणतात, "बहिणीला पाठीशी घालू नकोस, स्तामेना. बरी पोर आहेस." बरी पोर! जन्मात कधी म्हणाले नव्हते.

लोकांना मी सांगते, कोट बघून कुणी असं समजेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खोटं आहे. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले होते, तयारी ठेवा. मी घरी येऊन तयारी केली. कोट आकड्याला लावताना मला रडूही आलं नाही, पुढचं काय काय उरकायचं याचाच विचार चालला होता.

रविवारी तू फोन करशील तेव्हा मला सांभाळून घेऊ नकोस. त्यांना सांग, मी असं काही बोलले नाही, ती स्तामेना खोटारडी आहे, जिवंत माणसाचा कोट कचऱ्याला लावला तिनं. जोरात सांग. तुझ्या शब्दावर ते मरायला निघालेत. माझ्यावर चिडायची त्यांना सवय आहे, आणि चिडले की त्यांना भूक लागते. रविवारच्या सुपात मी मीठ घालणारच नाही. ओरडायला काहीतरी हाताशी असू दे.

तुझीच गाढव बहीण,
स्तामेना