औरंगपुऱ्यातल्या क्लासची लिंक

३ फेब्रुवारी, मंगळवार

शहराच्या इंटरनेटवरच्या नकाशातल्या सव्वीस लिंका तपासल्या, नऊ मेलेल्या! हा नकाशा कुणा कंपनीचा नाही, आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी फुकट भरलेला. कुणीही बदल करावा, करणाऱ्याचं नाव मात्र तिथं राहतं. दुकानांच्या वेबसाइट उघडतात का ते मी बघते. रिटायर झाल्यापासून हाच उद्योग.

शेवटची लिंक पुंडलिक सरांच्या टायपिंग क्लासची. औरंगपुरा. तीही उघडेना! तीन-तीनदा दाबून बघितली.

शहाऐंशी साली पाचोडहून एसटीनं यायचे. सर बोटांवर रुमाल टाकायचे— "खाली बघायचं नाय, मालन! बोटांना ठावं असतं." बारा मशीनचा तो कडकडाट! रस्त्यावर आलं तरी कानात वाजायचा. त्याच बोटांवर एकतीस वर्षं नोकरी केली. आणि सरांकडं शेवटची कधी गेले? आठवत नाही. लाज वाटली पाहिजे.

५ फेब्रुवारी

आमचा नियम आहे— लिंक मेली म्हणून दुकान बंद धरायचं नाही, जाऊन बघायचं. सिडकोतून रिक्षानं वीस मिनिटं. नाही गेले. सर नसलेच तर? ते कुणाच्या तोंडून ऐकायची हिंमत नाही माझ्यात. घरी बसूनच क्लासपुढं 'बंद' लिहून टाकलं.

९ फेब्रुवारी

गंगापूरच्या रामप्रसादचा फोन. तोही आमच्यातलाच, नकाशावाला. चांगलाच तापला होता. "ताई, 'बंद' कुणी सांगितलं तुम्हाला? आधी जुने बदल तर बघा!"

बघितले. अरे देवा! शहराचं नाव बदललं तेव्हा मी एका दमात सगळीकडं, मराठीत आणि इंग्रजीतही, 'औरंगाबाद' काढून 'छत्रपती संभाजीनगर' घातलं होतं. सगळीकडं म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांतसुद्धा! शहराचं नाव बदललं, पण सरांनी आपल्या वेबसाइटचं कुठं बदललं होतं? एक्केचाळीस दुकानांचे पत्ते बिघडवले आणि प्रत्येकापुढं माझं नाव. अक्कल काय गहाण टाकली होती मी?

१० फेब्रुवारी

सगळे पत्ते पहिल्यासारखे केले. सरांची वेबसाइट उघडली! फोटोत तोच राखाडी स्वेटर. खाली मागच्याच आठवड्यातली ओळ— 'तीनच मशीन उरल्यात. शिकायला कुणी येत नाही. तरी चार ते सहा मी असतो.'

आहेत! सर आहेत! रडले. लई रडले. मग 'बंद' पुसलं.

१२ फेब्रुवारी

गेले. पाया पडले, चूक कबूल केली.

"व्हय, ठावं हाय," सर म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीच बघितलं. तुझं नाव होतं तिथं."

"मग दुरुस्त का नाही केलं, सर?"

"केलं असतं, तर तू आली असतीस व्हय?"