अकरा टोप्या आणि एका सहीची जागा

मी, अंजनाबाई रविंद्र रामटेके, वय एकोणसत्तर, धंदा लेडीज टेलर, राहणार जरीपटका, नागपूर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे, नजर सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत आहे आणि हे लिहायला मला कोणी बसवलेलं नाही. येत्या गुरुवारी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. गुडघ्याने कोणी मरत नाही, असं डॉ. अदिती म्हणतात. पण पन्नास वर्षं मी गिऱ्हाइकांना कपडे तारखेच्या आधी देत आले, तेव्हा हेही आधीच करून ठेवते. वकील केयूर यांनी कच्चा मसुदा दिला होता. तो चांगला होता, पण कोणाचाही असू शकला असता, म्हणून हा मी माझ्या शब्दांत लिहिला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. जरीपटक्याचं दोन खोल्यांचं घर मी आणि माझे दिवंगत पती यांनी मिळून बांधलं. ते माझ्या मागे मुलगा रोशन याचं. मात्र समोरची खोली, जिथे माझी मशीन आहे, ती सून दीप्ती हिच्या वापरात राहील. रोशनला तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं आहे हे मला ठाऊक आहे. मी झोपले आहे असं समजून तो फीत घेऊन भिंत मोजत होता. रोशन, फीत माझीच होती, बाबा. जागेवर ठेव.

२. बँकेत जे काही असेल ते दोघांना निम्मं निम्मं. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

३. शिवणयंत्र, दोन्ही कात्र्या आणि बटणांचे डबे दीप्तीचे. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. ॲल्युमिनियमचं मोठं पातेलंही तिचंच, पण त्यात पुन्हा भात शिजवू नये. त्या पातेल्यावर मी अकरा टोप्या घडवल्या आहेत, त्याचा खुलासा पुढच्या कलमात करते.

४. टोप्या. दोन हजार आठ साली धंतोलीच्या चारुलता पांढरीपांडे माझ्याकडे एक फोटो घेऊन आल्या. तोवर त्या ब्लाऊजच्या गिऱ्हाईक होत्या. त्यांचे यजमान मनोहरराव यांना घोड्यांच्या शर्यतीचा नाद. दर फेब्रुवारीत ते मुंबईला जात, आणि तिथे मोठ्या शर्यतीच्या दिवशी बायकांची पेहरावाची स्पर्धा असते. डोक्यावर टोपी पाहिजेच, असा नियम.

"अंजना, मले असी टोपी पाहिजे," त्या म्हणाल्या.

"बाई, मी टोपी कधी केली नाही."

"मी तरी कुठं घातली वं? दोघी शिकू."

कॉलरमध्ये घालतात तो बकरम मी खळीत भिजवला, पातेल्यावर ताणून सुतळीने बांधला आणि गच्चीवर वाळवला. सीताबर्डीला ओमप्रकाशजींच्या दुकानातून लेस आणि पिसं आणली. त्यांनी विचारलं, "भाभी, घोडे को पहनाओगी क्या?" मी म्हटलं, घोड्याला नाही, घोडे बघणाऱ्या बाईला. ती टोपी आम्ही संत्र्याच्या लाकडी पेटीत ठेवून गाडीने मुंबईला नेली. चारू नऊवारी नेसली, मी अंबाड्यावर टोपी बसवली, डाव्या भुवईच्या एक बोट वर. हिरवळीत तिच्या सँडलच्या टाचा रुतू लागल्या, तेव्हा मी औषधाच्या दुकानातून म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ती रबरं आणून टाचांना बसवली. त्या वर्षी काही मिळालं नाही, पण बाकीच्या बायका रुतत होत्या आणि आमची बाई चालत होती. तिथून मी "बाई" म्हणायचं सोडलं.

दोन हजार आठ ते एकोणीस या बारा वर्षांत अकरा टोप्या झाल्या. एका वर्षी तिला कांजिण्या निघाल्या होत्या. सगळ्या टोप्या माझ्या माळ्यावर पेट्यांत आहेत, कारण तिच्या घरी उंदीर आहेत. त्यांची वाटणी अशी:

पहिली, लेसवाली, ओमप्रकाशजींना. दुकानात टांगावी आणि ती घोड्याची नव्हती हे गिऱ्हाइकांना सांगावं.

मिरचीची टोपी दीप्तीला. माझं माहेर भिवापूरचं. भावाने पाठवलेल्या वाळल्या मिरच्या इतक्या लालभडक आणि चकचकीत होत्या की मी त्यांचा तुराच केला. देठ काढून बिया झाडून टाकायच्या हे मला सुचलं नाही. दुपारच्या उन्हात मिरच्या तडकल्या, समुद्रावरचा वारा सुटला आणि बिया थेट परीक्षकांच्या टेबलावर. तिघेही शिंकू लागले. चारूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण पठ्ठी चाल न मोडता शेवटपर्यंत गेली. निवेदिकेने माईकवर सांगितलं की बाई भावुक झाल्या आहेत. दुसरा नंबर आला. गाडीत आम्ही वर्ध्यापर्यंत हसत होतो आणि अधूनमधून शिंकत होतो.

बाकी आठ टोप्या दीप्तीने ठेवाव्यात, भाड्याने द्याव्यात किंवा मोडून शिकाव्यात. उसवल्याशिवाय शिवण समजत नाही.

राहिली अकरावी, मोरपंखी. तिच्यासाठी वेगळं कलम लागेल.

५. श्रीमती चारुलता पांढरीपांडे यांना मी काहीही देत नाही. हे रागाने लिहिलेलं नाही. राग होता, त्याची हकीकत अशी.

दोन हजार एकोणीसला मोरपंखी टोपीला पहिला नंबर मिळाला. मी कठड्याला टेकून उभी होते, तोंडात टाचण्या होत्या. निवेदिकेने चारूला माईकवर विचारलं, टोपी कोणी केली. चारू म्हणाली, "आमच्या घरची एक बाई आहे, ती करून देते."

मला वाईट वाटलं. फार वाटलं. मी तिच्या घरची कधीच नव्हते. ती माझ्या दुकानात यायची, तीही चपला बाहेर काढून. मला नाव आहे, आणि ते आमच्या दारावरच्या पाटीवर रोशनच्या बापाने स्वतः रंगवलेलं आहे. परतीच्या गाडीत तिने मला खालचा बाक दिला, संत्रं सोलून दिलं, आणि मी ते खाल्लं, पण बोलले नाही. पुढच्या फेब्रुवारीत मी टोपी केली नाही, मग मार्चमध्ये टाळेबंदी आली, त्यामुळे न बोलणं सोपं गेलं. मग मनोहरराव गेले. मी गेले नाही भेटायला. ही माझी चूक, आणि ती मी इथे कबूल करते.

हे मृत्युपत्र करायला घेतलं तेव्हा मोरपंखी टोपी चारूला द्यायची आणि साक्षीदार म्हणून सहीही तिचीच घ्यायची ठरवलं होतं. पण केयूर वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, मागाहून भांडणं होतात. तेव्हा दोन्हीपैकी एकच. मी दोन दिवस विचार केला. टोप्या घालून ती बारा वर्षं मिरवलीच आहे. तिने एकदा चार लोकांसमोर माझं नाव घेतलं नाही, तर आता माझ्या नावाखाली तिने आपलं नाव लिहावं, एवढं मला हवं आहे.

परवा दीप्तीला निरोप घेऊन धंतोलीला पाठवलं. चारूने विचारलं म्हणे, "मले काय देऊन राहिली ते?"

"काहीच नाही, काकू. सही मागून राहिली."

"काहून?"

"आईनं सांगितलं, तुम्हाले ठाऊक आहे."

यावर ती बराच वेळ पडद्याची झालर नीट करत बसली आणि शेवटी म्हणाली, "पाहतो." दीप्ती म्हणते, त्या येतील. रोशन म्हणतो, नाही येणार. मी सकाळपासून दोनदा समोरची खोली झाडली आहे.

म्हणून असं ठरवते: दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी ठेवावी. आज संध्याकाळी पाचपर्यंत चारुलता आली नाही, तर शेजारच्या मिनलने तिथे सही करावी आणि माझ्या मागे मोरपंखी टोपी पेटीसकट धंतोलीला पोचवावी. आली, तर टोपी दीप्तीची आणि चारूला फक्त चहा.

६. माझ्या अंत्यविधीला पांढरी साडी, काठ साधा. ब्लाऊज शिवून कपाटात ठेवला आहे. बाहेरून विकत आणू नये, बाह्या बसत नाहीत.

७. गुडघा बरा झाला तर हे मृत्युपत्र तसंच राहील, आणि मी मात्र फेब्रुवारीत मुंबईला जाईन. हे कलम वकिलांना नको होतं, मी ठेवलं.

हे मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

अंजनाबाई रविंद्र रामटेके
ठिकाण: जरीपटका, नागपूर
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५, रविवार

साक्षीदार पहिला
डॉ. अदिती खानझोडे. अंजनाबाई पूर्ण शुद्धीत आहेत, हे मी तपासून लिहिते. रक्तदाब दुपारी थोडा वाढला होता, सव्वाचारनंतर उतरला.

साक्षीदार दुसरा
चारुलता मनोहर पांढरीपांडे, वय एकाहत्तर, राहणार धंतोली. अंजनाबाई रामटेके यांनी माझ्यासमोर सही केली आणि मी त्यांच्यासमोर. अकराही टोप्या अंजनाबाई रामटेके यांनी केल्या, मी फक्त घातल्या. हे माईकवर सांगायचं होतं, सांगितलं नाही, त्याची मला लाज वाटते.
मृत्युपत्र करणाऱ्याशी नातं: मैत्रीण. तिला मान्य नसेल तर तिने हा शब्द खोडावा.

वरील मजकुरात कुठेही खाडाखोड नाही.
अं. र. रामटेके